वज्र गिळणारी देवी

माणिकपुराहून एका वाचक भगिनींचें पत्र ह्या सदराकरितां आलें आहे. बाई वयस्क आहेत. घरचा नवस फेडण्याकरितां येत्या चैत्री अमावास्येस सर्व मंडळींसह वज्रेश्वरीस जाण्याचा त्यांचा बेत आहे. जाण्यापूर्वीं नातवास देवीची कथा सांगावी म्हणून त्या बसल्या. कथा अर्धी होते न होते तोंच नातवानें विचारिलें, ‘आजी, देवीचें देऊळ ज्यांनीं पाडलें ते लोक म्हणजे आपले शेजारीच ना?’ शेजारीं ख्रिस्ती कुटुंब राहतें. त्या घरचा मुलगा व हा नातू शाळेंत एकाच बाकावर बसतात. बाईंनीं त्या वेळीं ‘मग सांगतें’ म्हणून विषय टाळला, आणि आम्हांस लिहिलें कीं, ही कथा मुलांस सांगावी तरी कशी, कीं सांगूंच नये ?

प्रश्न लहान मुलानें केला म्हणून तो लहान ठरत नाहीं. वज्रेश्वरीची कथा आमच्या घरांतून बहुधा एकाच ओळींत सांगितली जाते : चिमाजी आप्पांनीं नवस केला, देवीनें दृष्टान्त दिला, वसई पडली, देऊळ झालें. ही ओळ टाकून द्यावयाची नाहीं. पण ती कथेच्या मधली ओळ आहे. तिच्या आधींचा व नंतरचा भाग गाळला म्हणजे मुलाच्या हातीं ‘कोणीं पाडलें आणि कोणीं जिंकलें’ एवढेंच उरतें, आणि मग त्यानें शेजारच्या दाराकडे बोट दाखविलें तर त्यांत त्याचा काय दोष ? म्हणून आज ती कथा आधींपासून वाचकांपुढें ठेवावी असें आम्हीं योजिलें आहे.

माणिकपूर हें आतां वसईरोड स्टेशनाच्या पश्चिमेचें गजबजलेलें उपनगर म्हणूनच ओळखलें जातें. नवघर-माणिकपूर नगरपरिषद २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिकेंत विलीन झाली. २०१४ सालीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा निघाला तेव्हां वसई तालुका तिकडे गेला. तरी ह्या गर्दींतहि सेंट मायकेलचें जुनें चर्च आपल्या जागीं उभें आहे, आणि उंच इमारतींच्या फटींतून पूर्वेस पाहिलें तर तुंगारेश्वराचा डोंगर दिसतो. त्या डोंगरापलीकडे, तानसा नदीच्या खोऱ्यांत, रस्त्यानें सुमारें तीस किलोमीटरांवर वज्रेश्वरी आहे. ती मात्र अजून ठाणें जिल्ह्यांतच, भिवंडी तालुक्यांत मोडते. म्हणजे वसईच्या विजयाची देवी आज वसईहून वेगळ्या जिल्ह्यांत नांदते. देवतांस सरकारी हद्दींचें सोयरसुतक कधींच नव्हतें.

त्या स्थळाचें जुनें नांव वडवली. तेथील मूळ कथा अशी कीं, कालिकाल, ज्यास कोणी कालिकूटहि म्हणतात, नांवाचा दैत्य त्या प्रदेशांत ऋषींस व मनुष्यांस छळूं लागला. त्याच्या निवारणार्थ वसिष्ठांच्या पुढाकारानें त्रिचंडी यज्ञ मांडिला गेला. यज्ञांत देवांस आहुति पोंचल्या. इंद्राची मात्र राहून गेली. ज्यांनीं घरचें एक तरी लग्नकार्य पार पाडिलें आहे त्यांस पुढचें सांगावयास नको. विहिणीच्या मानाची ओटी चुकली किंवा मामेसासऱ्यांच्या हातीं नारळ पडला नाहीं, म्हणजे मांडवांत काय होतें तें सर्वांस ठाऊक आहे. तेंच यज्ञमंडपांत झालें. फरक इतकाच कीं, रुसलेल्या व्याह्यांच्या हातीं वज्र नसतें. इंद्राच्या हातीं होतें, आणि त्यानें तें यज्ञावरच सोडलें.

सर्वांनीं आदिमायेचा धांवा केला. देवी प्रगट झाली व येणारें वज्र तिनें गिळून टाकिलें. इंद्र नम्र झाला, देवीनें दैत्यांचा संहार केला, आणि रामचंद्रांनीं विनविल्यावरून ती त्याच ठिकाणीं राहिली. वज्र पोटांत घेतलें म्हणून ती वज्रेश्वरी. प्रेमानें म्हणावयाचें तर वज्राबाई. दुसऱ्या एका कथेंत वज्रांतूनच देवी निघाली व तिनें दैत्य मारिला असें आहे. नाथपंथांत तिला वज्रभगवती म्हणतात. मच्छिंद्रनाथांनीं महिनाभर तेथें राहून देवीस उष्णोदकानें स्नान घातलें, हा प्रसंग नवनाथांची पोथी वाचणाऱ्या घरांस परिचित असेल.

ह्या कथेंत एक विशेष आहे, तो पुष्कळदां नजरेंतून निसटतो. इतर देवी शस्त्र चालवितात. ही देवी प्रथम शस्त्र पोटांत घेते. आणि तें शस्त्र शत्रूचें नव्हे, आपल्याच पक्षाच्या रागावलेल्या देवाचें. यज्ञ मोडण्याची वेळ आली ती दैत्यामुळें नव्हे, मानापमानामुळें! घर चालविणाऱ्या स्त्रियांस ही गोष्ट पुराणिकबुवांहून अधिक चांगली समजेल. तथापि येथें एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. कांहीं वडील मंडळी ह्याच कथेच्या आधारें सुनांस ‘गिळून टाकावें’ असा उपदेश करितात. तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं. देवीनें वज्र गिळलें तें सामर्थ्य होतें म्हणून. निरुपाय झाला म्हणून नव्हे. शिवाय वज्र गिळल्यावर इंद्रास मान खालीं घालावी लागली, तो उत्तरार्ध सोडून पूर्वार्ध तेवढा सुनेस ऐकविणें ही शुद्ध लबाडी आहे.

असो. पुराण येथें संपतें आणि इतिहास सुरू होतो. १५३४ सालीं गुजरातच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली, व पुढें दोनशें वर्षें त्या मुलखावर त्यांचा अंमल राहिला. त्या अंमलांत देवळें मोडलीं गेलीं, हिंदूंच्या उघड पूजाअर्चेवर बंधनें आलीं, हें मुलांपासून लपवूं नये. लपविलेली गोष्ट मुलांस पुढें दुसऱ्याकडून कळते, आणि ती सांगणारा बहुधा तिखटमीठ लावल्यावांचून राहत नाहीं. वडवलीच्या उत्तरेस पांच मैलांवरील गुंज ह्या गांवचें वज्रेश्वरीचें मूळ देवालयहि त्या मोडतोडींत गेलें, असें परंपरा सांगते. परंतु देवी गेली नाहीं. ती तेथून वडवलीस नेऊन ठेविली गेली.

आमच्या मतें सर्व कथेंत अत्यंत मोलाचें वाक्य हेंच आहे, आणि नेमकें हेंच आम्ही सांगावयाचें विसरतों. देऊळ पडलें, पण देवी वाहून नेणारे हात होते. परंपरेनें पेशव्यांचें नांव लक्षांत ठेविलें, सुभेदाराचें ठेविलें, गायकवाडांचें ठेविलें. ज्यांनीं मूर्ति उचलली त्यांचें ठेविलें नाहीं. त्यांनीं देवीस कांहीं मागितलें, तिनें कांहीं दृष्टान्त दिला, अशी कथा कोणीं रचिली नाहीं. त्यांनीं फक्त ती नेली, आणि सांभाळिली. चिमाजी आप्पांस नवस करावयास देवी मिळाली ती ह्या माणसांनीं सांभाळिली म्हणून.

असें घडलेलें हें एकच स्थळ नव्हे. गोमंतकांत सोळाव्या शतकांत कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा हीं सर्व दैवतें पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर अंत्रूज महालांत नेलीं गेलीं. मंगेशाचें लिंग नेलें तें १५६० सालीं. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या कुळांच्या इतिहासांत हें स्थलांतर आहेच. तीं दैवतें नव्या ठिकाणींच स्थिरावलीं. मंगेशी, कवळें, म्हार्दोळ हींच आज त्यांचीं घरें. वज्रेश्वरीहि गुंजेस परतली नाहीं, वडवलीसच राहिली, व तेथें तिचें देऊळ कसें झालें ह्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे चिमाजी आप्पांचा नवस.

वसईची मोहीम एका रात्रींतला चमत्कार नव्हती. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें व साष्टी घेतली. वसईवर मात्र त्या सालीं यश आलें नाहीं. पुढें बाजीरावांच्या ह्या धाकट्या बंधूंनीं मोहीम पुन्हां नेटानें चालविली. १७३९ च्या आरंभीं उत्तरेकडील ठाणीं एकामागून एक पडलीं. त्यांत तारापुरास बाजी भिवराव रेठरेकर कामास आले. मग वसईस मोर्चे लागले. किल्ल्याच्या तीन बाजूंस पाणी व दलदल; उरलेल्या एका बाजूनें वाळूंतून पुढें सरकावें तर तटावरून तोफांचा मारा. मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे जमिनीवर, मानाजी आंग्रे दर्यावर, एवढी मातबर मंडळी जमली असतांहि महिने लोटले.

ह्याच काळांत वडवलीच्या बाजूस तळ असतां आप्पांनीं देवीस नवस केला कीं, वसई हातीं आली तर तुझें देऊळ बांधीन. आणि देवीनें स्वप्नांत येऊन किल्ला घेण्याचा मार्ग दाखविला, असें सांगतात. स्वप्नावर कोणीं किती विश्वास ठेवावा हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे. आम्हांस इतकेंच म्हणावयाचें आहे कीं, स्वप्न पडल्यावरहि सुरुंग हातांनींच खणावे लागले. तटाखालीं दारू ठासण्याकरितां माणसें तोफांच्या तोंडीं दिवस दिवस वाळू उपसत राहिलीं. शेवटच्या हल्ल्यांत उशिरां उडालेल्या सुरुंगानें आपलींच माणसें मारिलीं. अखेर सेबास्तियन नांवाच्या बुरुजास खिंडार पडलें, आणि १६ मे १७३९ रोजीं पोर्तुगीजांनीं शरणागतीचीं कलमें मान्य केलीं. मराठ्यांचे मेलेले व जखमी मिळून पांच हजारांवर गेले होते. आमच्या कुलवृत्तान्तांतून सरदार-सुभेदारांचीं नांवें मोठ्या अभिमानानें छापलीं जातात. ह्या पांच हजारांपैकीं बहुतेकांचा कुलवृत्तान्त कोणीं छापिला नाहीं. विजयाचें सर्व श्रेय स्वप्नास देऊन मोकळें होणें ह्यांत भक्ति आहे असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांत आळस आहे.

नवसाविषयींहि दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे, कारण बाईंच्या घरांतील तरुण मंडळी नवसास ‘देवास दिलेली लांच’ म्हणतात, असें त्यांनीं पत्राच्या शेवटीं जरा दुखावून लिहिलें आहे. आक्षेप जुना आहे, आणि अनेक नवसांच्या बाबतींत तो खराहि आहे. परीक्षेच्या निकालाआधीं नारळांचा भाव ठरविणारे भक्त आम्हीं पाहिले आहेत. पण भाषेकडे लक्ष द्यावें. मराठींत नवस ‘बोलतात’ आणि नवस ‘फेडतात’. लांच गुपचूप दिली जाते. नवस तोंडानें बोलून माणूस स्वतःस बांधून घेतो. फेडणें हा शब्द तर कर्जाचा आहे. चिमाजी आप्पांच्या नवसांत ही कर्जाची भावना फार स्पष्ट आहे. त्यांनीं देवीस नवें असें कांहींच देऊं केलें नाहीं. तिचें जें होतें तें तिला परत करण्याचें कबूल केलें. विजयानंतर सुभेदार शंकराजी केशव फडके ह्यांस देऊळ बांधण्याची आज्ञा झाली, आणि वडवलीस देवीचें देऊळ उभें राहिलें. पुढें गांवाचें नांवच वज्रेश्वरी पडलें. एप्रिल १७४० मध्यें बाजीराव गेले, व त्याच सालच्या डिसेंबरांत आप्पाहि गेले. वसईच्या विजयानंतर पुरीं दोन वर्षें झालीं नव्हतीं.

आतां जो भाग सांगतांना मोठीं माणसेंहि अडखळतात त्याकडे वळूं. शरणागतीच्या कलमांत, मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती. ही गोष्ट विजयाइतकीच अभिमानानें सांगण्यासारखी आहे. पण तिच्याबरोबर दुसरीहि गोष्ट सांगितली पाहिजे. वसईच्या चर्चांतील घंटा उतरविल्या गेल्या व महाराष्ट्रभर देवळांतून गेल्या. वाईजवळ मेणवलीस, नाना फडणिसांच्या वाड्यामागें कृष्णेच्या घाटावर अशीच एक घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हें साल असून बाळ येशूस घेतलेल्या मेरीची आकृति आहे. भीमाशंकरासहि तशी घंटा आहे. सहलीस गेलेल्या मुलांस आम्ही ती दाखवितों व ‘जिंकून आणली’ एवढें सांगून पुढें चालूं लागतों. ती कोणाच्या तरी प्रार्थनेची घंटा होती हेंहि सांगावें. गुंजेहून मूर्ति घेऊन निघालेल्यांच्या मनास जें वाटलें असेल, तें घंटा उतरतांना पाहून वसईच्या एखाद्या म्हातारीसहि वाटलें असेल. हें सांगितल्यानें आप्पांचा पराक्रम रतिभरहि उणा होत नाहीं.

आणि नातवाच्या प्रश्नाचें उत्तर स्पष्ट ‘नाहीं’ असें द्यावें. देऊळ पाडिलें तें समुद्रापलीकडून आलेल्या राजसत्तेनें. १७३९ च्या मे महिन्यांत तिचे शिपाई गलबतांत बसून निघून गेले. मागें राहिले ते ह्याच मातीचे लोक : बागाईतदार, शेतकरी, कोळी, कारागीर. वसईंत आजहि सामवेदी बोली बोलणारे हिंदू आहेत आणि तीच बोली बोलणारे ख्रिस्तीहि आहेत. केळीच्या बागा दोघांच्या, विहिरी जवळजवळ, आडनांवें तेवढीं निराळीं झालीं. २०२० सालीं उस्मानाबादेस भरलेल्या मराठी साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे ह्याच वसईचे; २०२४ सालीं ते वारले. तेव्हां बाकावर शेजारीं बसणाऱ्या त्या मुलाचे पूर्वज देऊळ पाडणारे नव्हेत. ज्यांचें देऊळ पाडलें गेलें त्यांतलेच ते बहुधा असावेत. कोणी मूर्ति घेऊन वडवलीच्या वाटेस लागले, कोणी उंबरा धरून राहिले व नव्या देवाच्या नांवानें हात जोडूं लागले. त्या दिवसांत आपल्या घरानें कोणती वाट धरिली असती, हें आज पंख्याखालीं बसून कोणीं छातीठोकपणें सांगूं नये.

इतकें मुलास समजेल काय, असें कोणी विचारतील. मुलांस आपल्या समजुतीपेक्षां पुष्कळ अधिक समजतें. त्यांस सन-सनावळी नको. ‘देवीस कोणीं उचलून नेलें असेल?’ असा एक प्रश्न त्यांच्यापुढें टाकावा आणि तें काय म्हणतात तें ऐकावें.

दर्शनास जाणाऱ्यांकरितां आतां थोडी माहिती. देऊळ मंदागिरी नांवाच्या टेकडीवर आहे. चढावयास बावन्न दगडी पायऱ्या आहेत. त्यांतील एका पायरीवर कासव कोरलेलें आहे, त्याची कूर्म म्हणून पूजा होते. चढण थोडी आहे, परंतु गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनीं उन्हें कलल्यावर चढावें. प्रवेशद्वारावरील नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांकडून झालेला. सभोंवार किल्ल्यासारखा दगडी तट आहे. किल्ला घेण्याकरितां बोललेल्या नवसाचें देऊळ किल्ल्यासारखें दिसावें हें पाहून मौज वाटते. गाभाऱ्यांत मध्यभागीं देवीची शेंदरी मूर्ति, हातीं खड्ग व गदा. एका बाजूस रेणुका व वणीची सप्तशृंगी. दुसऱ्या बाजूस कालिका आणि परशुराम. ह्यांपैकीं कालिका ही ग्रामदेवता. बाहेरच्या दालनांत गणपति, भैरव, मारुति ह्यांच्याबरोबर मोराबादेवीसारखीं स्थानिक दैवतेंहि आहेत. पुराणांतील रेणुका आणि गांवची कालिका अशा एकाच गाभाऱ्यांत शेजारीं उभ्या आहेत, तेव्हां ओटी भरणाऱ्यांनीं केवळ मधल्या मूर्तीपुढें नमस्कार करून घाईनें मागें फिरूं नये.

आवारांत कपिलेश्वर महादेव, दत्त व मारुति ह्यांचीं स्थानें आहेत, आणि गिरी गोसाव्यांचीं स्मारकेंहि आहेत. त्या पंथाचे सतराव्या शतकांतील साधु गोधडेबुवा ह्यांची समाधि पलीकडच्या टेकडीवर आहे. चालण्याची हौस असलेल्यांनीं सकाळच्या गारव्यांत तेथवर जावें.

उन्हाळीं, म्हणजे गरम पाण्याचीं कुंडें, हें ह्या क्षेत्राचें दुसरें आकर्षण. तानसेच्या कांठानें वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ह्या भागांत तीं पसरलेलीं आहेत. देवीनें मारिलेल्या दैत्यांचें तें रक्त, असें जुनीं माणसें सांगतात. भूगर्भशास्त्र सांगतें कीं, पावसाचें पाणी खडकांतील भेगांतून खोल उतरतें, तेथील उष्णतेनें तापतें व दुसऱ्या भेगेनें वर येतें. कोंकणपट्टींत उत्तरेस कोकनेरपासून दक्षिणेस राजापुरापर्यंत अशा झऱ्यांची ओळच आहे. दोन्हीहि स्पष्टीकरणें मुलांस सांगावीं; कोणतें केव्हां खरें मानावयाचें तें तीं आपोआप ओळखतात. गणेशपुरीस भीमेश्वराचें देऊळ आणि १९६१ सालीं समाधिस्थ झालेल्या स्वामी नित्यानंदांचें स्थान आहे, त्यामुळें तेथें परप्रांतांतून व परदेशांतूनहि माणसें येतात. कुंडांतील पाण्यानें त्वचेचे विकार व संधिवात बरे होतात अशी समजूत आहे. ऊन पाण्यानें दुखरे सांधे सैल पडतात एवढें खरें. पण त्वचेच्या रोगानें पीडलेल्यांनीं वैद्याचें औषध टाकून कुंडावर भिस्त ठेवूं नये, आणि अंगावर उघडी जखम असलेल्यांनीं सार्वजनिक कुंडांत उतरूं नये, ह्यांत त्यांचें व इतरांचेंहि हित आहे. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्या वडील मंडळींनीं पाण्यांत बसून न राहतां पाय बुडविण्यावर समाधान मानावें.

देवीचा नवरात्रोत्सव आश्विनांत सर्वत्र होतो तसा येथेंहि होतो. परंतु येथील खरी जत्रा चैत्री अमावास्येची. चैत्र वद्य चतुर्दशीस तिला आरंभ होतो, अमावास्येस देवीची महापूजा व दीपोत्सव, आणि दुसऱ्या दिवशीं, वैशाख शुद्ध प्रतिपदेस, पालखी निघते. अमावास्येच्या अंधारांत दिवे लागतात तें दृश्य पाहण्यासारखें असतें. ही जत्रा एप्रिल-मेच्या सुमारास येते, म्हणजे वसई पडली त्याच ऋतूंत. सुरुंग खणणारांनीं जें ऊन सोसलें तें कसें होतें, तें पायऱ्यांवर उभें राहून थोडेंसें कळतें. जत्रेच्या गर्दींत आगरी, कोळी, कुणबी, आदिवासी अशा सर्व लोकांचीं बिऱ्हाडें येतात. अनेक कुळांची ती कुलस्वामिनी आहे. तेव्हां रांगेंत ‘आम्ही लांबून आलों’ म्हणून पुढें घुसण्याचा कोणासहि अधिकार नाहीं.

माणिकपूरच्या बाईंस आमची सूचना अशी कीं, एका दिवसांत जाऊन येण्याची घाई करूं नये. चतुर्दशीस दुपारीं निघून संध्याकाळपर्यंत पोंचावें, अमावास्येस नवस फेडावा, आणि जमल्यास पालखी पाहूनच परतावें. मुलांकरितां पाण्याच्या बाटल्या, टोप्या व बदलण्यास सुती कपडे बरोबर ठेवावे. शेजारच्या मुलास यावयाचें असेल तर त्याच्या आईस आधीं विचारून त्यालाहि न्यावें. अकलोलीस मुलांना एकदम कुंडांत उतरवूं नये. कांहीं कुंडांचें पाणी फार कढत असतें. प्रथम तांब्यानें घेऊन आपल्या हातावर घालून पाहावें, मग त्यांच्या पायांवर.